कुटुंब बेघर होण्याआधी आणि झाल्यावर : ठाणे-नवी मुंबईत महापालिकेने काय करावे

कोणतेही कुटुंब एका रात्रीत रस्त्यावर येत नाही. आधी कमावत्या माणसाचे काम सुटते किंवा तो आजारी पडतो, मग वाण्याची उधारी वाढते, मग धाकट्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून मोठ्या मुलीची शाळा बुडू लागते, मग दोन महिन्यांचे भाडे थकते, घरमालक ते डिपॉझिटमधून वळते करून घेतो आणि तिसऱ्या महिन्यात खोली रिकामी करायला सांगतो. या चार-सहा महिन्यांत ते कुटुंब महापालिकेच्या कोणत्या ना कोणत्या दारातून जाऊन आलेले असते. आई पालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढून गेलेली असते, मुलीची गैरहजेरी पालिकेच्या शाळेच्या हजेरीपटावर लागलेली असते, बाळाचे वजन अंगणवाडीत घटलेले दिसलेले असते. प्रत्येक ठिकाणी एक नोंद होते, परंतु त्या नोंदी एकमेकींना भेटत नाहीत, आणि पालिकेला हे कुटुंब पहिल्यांदा दिसते ते उड्डाणपुलाखाली, अतिक्रमण विभागाच्या गाडीतून.

मी काही वर्षे ठाण्यातील वस्त्यांमध्ये समुदाय संघटक म्हणून काम केले. पुढे जे लिहिले आहे ते नगरसेवक, प्रभाग समित्यांचे सहायक आयुक्त, समाजविकास विभागातील कर्मचारी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या संस्था यांच्यासाठी आहे. यातील बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. काहींसाठी पैसा लागतो, पण त्याहून अधिक लागते ती एका खात्याने दुसऱ्या खात्याला वेळेवर कळवण्याची सवय.

हे काम पालिकेचेच आहे का

हा प्रश्न बैठकीत हमखास निघतो, म्हणून त्याचे उत्तर जवळ ठेवावे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील अशा विषयांच्या त्या यादीत दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, झोपडपट्टी सुधारणा आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन हे तिन्ही विषय आहेत. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे सांगितले. त्याच न्यायालयासमोरील अन्नाधिकाराच्या खटल्यातून २०१० मध्ये मोठ्या शहरांसाठी दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांचा, बारा महिने चोवीस तास उघडा असणारा एक निवारा हा निकष पुढे आला आणि पुढे तो राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतही घेतला गेला.

२०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार आणि नवी मुंबईची सुमारे ११ लाख २० हजार होती. त्या जुन्या आकड्यांनी मोजले तरी ठाण्याला १८ आणि नवी मुंबईला ११ निवारे लागतात, आणि त्यानंतर घोडबंदर पट्टा, दिवा, ऐरोली, घणसोली किती वाढले हे या शहरांत राहणाऱ्याला सांगण्याची गरज नाही. केंद्राची अभियाने येतात, नावे बदलतात, मुदती संपतात. म्हणून हा निकष महासभेच्या ठरावाने पालिकेने स्वतःचा करून घ्यावा, म्हणजे पुढचे अंदाजपत्रक त्याला बांधील राहील.

आधी कळावे यासाठी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम हे आहे, आणि नेमके तेच आपल्याकडे होत नाही. घर सुटण्याआधी कुटुंब हेरता आले तर मदत काही हजारांत भागते. घर सुटल्यावर तेच काम काही वर्षांचे होते, आणि मुलांच्या बाबतीत तर गेलेले वर्ष परत येत नाही.

प्रत्येक प्रभाग समितीत समाजविकास विभागाच्या एका कर्मचाऱ्याकडे ‘कुटुंब आधार’ हे काम नावानिशी द्यावे. नवी मुंबईत बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा अशी आठ विभाग कार्यालये आहेत, म्हणजे सुरुवातीला आठ माणसे पुरतात. या कर्मचाऱ्याला पाच ठिकाणांहून निरोप यावेत असा कार्यालयीन आदेश आयुक्तांनी काढावा. पालिका शाळेतील वर्गशिक्षकाने सलग दहा दिवस न आलेल्या मुलाचे नाव कळवावे. अंगणवाडी सेविकेने वजन घटलेल्या किंवा अचानक यायच्या बंद झालेल्या बालकाचे नाव कळवावे. अंगणवाड्या पालिकेच्या अखत्यारीत नसल्या तरी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांशी बोलून हे करता येते. दवाखान्यातील आशा सेविकेने किंवा परिचारिकेने क्षयरोगाचे उपचार मध्येच सोडलेला रुग्ण आणि पत्ता बदललेली गरोदर बाई कळवावी. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकाने घरी सोडताना ‘जायला घर नाही’ असे ज्याच्याबाबत लक्षात येईल तो रुग्ण कळवावा. आणि अतिक्रमण विभागाने पाडकामाचे वेळापत्रक ठरताच त्या जागेवर कुटुंबे राहतात का हे कळवावे.

निरोपासाठी नवे ॲप काढण्याची घाई करू नये. मी पाहिलेल्या ठिकाणी साधी छापील चिठ्ठी आणि एक मोबाइल क्रमांक यांनी काम चालले, आणि ज्या ठिकाणी ॲपची वाट पाहिली तिथे पावसाळा येऊन गेला. चिठ्ठीवर कुटुंबप्रमुखाचे नाव, वस्ती, खूण आणि काय दिसले हे चार ओळींत असावे. जात, धर्म, मूळ गाव, आधार क्रमांक यांतले काहीही त्या चिठ्ठीवर नसावे, कारण चिठ्ठी अनेक हातांतून जाते.

निरोप आल्यापासून तीन दिवसांत घरी भेट व्हावी. भेटीत पहिला प्रश्न ‘उत्पन्न किती’ हा नसावा. ‘भाडे कोणत्या महिन्यापर्यंत दिले आहे’ हा असावा. या एका प्रश्नाच्या उत्तरावरून कुटुंब काठापासून किती दूर आहे ते कळते. दोन महिने थकले असतील तर त्याच आठवड्यात हालचाल करावी लागते. भाडे चुकते असले, पण ते देण्यासाठी मंगळसूत्र किंवा भांडी गहाण पडलेली असली, तर हातात महिना-दीड महिना असतो.

रात्रीची मोजणी

जे आधीच रस्त्यावर आहेत ते किती, हे ठाऊक नसताना आखलेली योजना अंदाजावर चालते. जनगणनेत बेघरांची मोजणी एका रात्रीत होते, २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. त्या मोजणीत देशभरात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. एका रात्रीत जे हाती लागत नाहीत ते नोंदीत येत नाहीत, आणि कुटुंबे बहुधा हाती लागत नाहीत, कारण बायका-मुलांसह असलेली कुटुंबे उजेडापासून दूर झोपतात.

म्हणून पालिकेने स्वतःची मोजणी वर्षातून दोनदा करावी, एक फेब्रुवारीत आणि एक जुलैमध्ये. हिवाळ्याच्या शेवटी बांधकामांवर आणि रोजंदारीचे काम मिळते त्या मजूर नाक्यांवर मराठवाडा-विदर्भातून आलेली कुटुंबे शहरात असतात. पावसाळ्यात जी उरतात ती खरोखर परतीला गाव न उरलेली कुटुंबे असतात. या दोन आकड्यांतला फरक योजना आखताना फार उपयोगी पडतो.

मोजणीला रात्री अकरानंतर निघावे आणि पहाटे चारपर्यंत फिरावे. पथकात एक स्त्री कर्मचारी, एक वस्तीतलीच माहितगार व्यक्ती आणि शक्य असेल तर पूर्वी रस्त्यावर राहिलेले कोणी असावे. पोलिसांना लेखी कळवावे, परंतु गणवेशातील माणूस बरोबर नेऊ नये. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. गणवेश दिसला की माणसे अंथरूण गुंडाळून उठतात, आणि आपली मोजणी पुलाच्या रिकाम्या खांबांची होते. रेल्वे स्थानकांच्या बाहेरची आवारे, एपीएमसी (कृषी उत्पन्न) बाजाराभोवतीचे रस्ते, शीव-पनवेल महामार्गावरच्या पुलांखालच्या जागा, एमआयडीसीतील बंद कारखान्यांच्या भिंतीलगतचे पट्टे, मंदिरे आणि दर्गे, रुग्णालयांचे व्हरांडे, जलवाहिनीच्या कडेच्या जागा असा नकाशा आधी दिवसा फिरून काढावा.

अशा एका फेरीत, रात्री दीडच्या सुमारास, एका पुलाखाली दोन खांबांच्या मधल्या लोखंडी सळ्यांना नऊवारी साडीची झोळी बांधलेली मी पाहिली. झोळीत मूल होते आणि झोळीची दोरी खाली झोपलेल्या आईच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती, म्हणजे मूल हलले किंवा कोणी उचलले की तिला जाग येईल. उशाशी पिठाचा पत्र्याचा डबा होता आणि त्याला कुलूप होते. आम्ही नाव विचारायला वाकलो तेव्हा तिने आधी दोरी चाचपली आणि मग डबा. त्या रात्रीच्या तक्त्यात तिच्यासाठी ‘स्त्री १, बालक १’ एवढीच जागा होती. तेव्हापासून मी प्रत्येक तक्त्यात तीन रकाने वाढवून घेतले: हे कुटुंब एकत्र आहे का, शेवटचे घर कोठे होते आणि ते का सुटले. तिसऱ्या रकान्यातून जे हाती लागते त्यावरच आधीच्या भागातील प्रतिबंधाचे काम उभे राहते, म्हणून तो रिकामा राहू देऊ नये.

एकटी, भ्रमिष्ट अवस्थेत फिरणारी माणसे मोजणीत भेटतातच. त्यांच्यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात वेगळी वाट आहे. अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय शहरातच असल्याने ही साखळी जोडणे इथे इतर शहरांपेक्षा सोपे जावे.

कुटुंबाचा निवारा

आपल्याकडील निवाऱ्यांची कल्पना एकट्या पुरुषाभोवती बेतलेली आहे. एक मोठे दालन, ओळीने खाटा, रात्री यावे आणि सकाळी निघावे. अशा ठिकाणी कुटुंब गेले की बाप एका मजल्यावर, आई आणि लहान मुले दुसऱ्या, आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा कोठे ठेवायचा याचे उत्तर कोणाकडे नसते. बहुतेक कुटुंबे दुसऱ्या दिवशी पुलाखाली परत जातात. त्यांना निवारा नको असतो असे नाही. त्यांना तुटायचे नसते.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत कुटुंबांसाठी स्वतंत्र निवारे, एकट्या स्त्रियांसाठी वेगळे आणि आजारातून उठणाऱ्यांसाठी वेगळे अशी तरतूद होती आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागेचा निकषही होता. पाच जणांच्या कुटुंबाला या हिशेबाने २५० चौरस फूट येतात. त्यातले काही सामायिक स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मुलांच्या खोलीला गेले तरी प्रत्येक कुटुंबाला पडदी घातलेली आणि आतून कडी लागणारी स्वतःची खोली देता येते. ही कडी फार महत्त्वाची आहे. खोलीत कुलूप लागणारी पेटी असावी. स्वयंपाकाची सोय असावी, कारण तयार अन्न देणे सोपे असले तरी रोजच्या डब्याची सवय मोडली की नव्या घरात ती पुन्हा बसायला वेळ लागतो.

जागा कोठे निवडावी, यावर मी आग्रही आहे. शहराच्या टोकाला पालिकेची मोकळी इमारत आहे म्हणून तिथे निवारा काढला तर तो रिकामा राहतो आणि पुढच्या वर्षी ‘मागणी नाही’ असा शेरा येतो. निवारा नाक्यापासून आणि शाळेपासून चालत पोहोचता येईल इतक्या अंतरावर हवा. कमी पटामुळे बंद झालेल्या पालिका शाळांच्या इमारती, वापरात नसलेली समाजमंदिरे आणि बाजार इमारतींचे रिकामे मजले यांची यादी मालमत्ता विभागाकडून मागवावी. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये सिग्नलवरच्या मुलांसाठी सिग्नल शाळा सुरू झाली, कारण एका संस्थेने आणि ठाणे महापालिकेने मुलांना शाळेकडे ओढण्याऐवजी शाळाच मालवाहू कंटेनरमध्ये बसवून मुलांपाशी नेली. निवाऱ्याची जागा ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने फाइलवर सही करण्याआधी ती जागा एकदा जाऊन पाहावी.

मुक्कामाची मुदत लवचीक ठेवावी. कुटुंब आले त्याच आठवड्यात ‘येथून पुढे कोठे’ याचा कागद त्यांच्याबरोबर बसून लिहावा आणि दर पंधरा दिवसांनी तो पाहावा. मुदत संपली म्हणून बाहेर काढणे म्हणजे तेच काम पुन्हा पहिल्यापासून करणे. निवारा चालवणाऱ्या संस्थेला देयक खाटांच्या संख्येवर न देता, घरात गेलेल्या आणि सहा महिन्यांनंतरही घरात असलेल्या कुटुंबांच्या संख्येला काही भाग जोडून द्यावे.

पिठाच्या डब्यातले कागद

त्या बाईच्या डब्यात पीठ नव्हते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते: मुलाचा लसीकरणाचा तक्ता, गावाकडच्या शिधापत्रिकेची झेरॉक्स, नवऱ्याचे जुने मतदार ओळखपत्र आणि एका खोलीच्या डिपॉझिटची हाताने लिहिलेली पावती. पुढे एका कारवाईत तो डबा डंपरमध्ये गेला. बाई खोली मागत नव्हती, भरपाई मागत नव्हती, चार दिवस डबा मागत गोदामापर्यंत फिरत होती. डबा मिळाला नाही. त्या कागदांवाचून मुलाचे शाळेतले नाव आणि आईचे रेशन दोन्ही अडले, आणि ते पुन्हा जुळवायला आम्हाला सात महिने लागले.

म्हणून प्रत्येक निवाऱ्यात आणि प्रत्येक प्रभाग कार्यालयात आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी कागदपत्रांचे टेबल मांडावे. पालिकेच्या हातात जे आहे त्यापासून सुरुवात करावी. जन्मनोंद पालिकाच करते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्मदाखला हाच पुरावा ठरला आहे, त्यामुळे रस्त्यावर जन्मलेल्या बाळाची नोंद २१ दिवसांच्या आत होणे ही आता फार मोठी गोष्ट आहे. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही आणि तो आदेश मिळवणे रोजंदारीवरच्या बापाला झेपत नाही. शाळेच्या बाबतीत मात्र कागद नाही म्हणून कोणालाही परत पाठवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. मुख्याध्यापकांना दरवर्षी जूनमध्ये याचे परिपत्रक जावे, आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांना गावी परतताना तिथे शिक्षण पुढे चालू राहावे म्हणून शिक्षण हमी कार्ड द्यावे.

बाकीचे कागद पालिकेचे नाहीत, आणि इथेच कुटुंबे टोलवली जातात. शिधापत्रिका ठाणे-नवी मुंबईत शिधावाटप कार्यालय देते. संजय गांधी निराधार अनुदान तहसील कार्यालयातून मिळते. आई-वडिलांचा आधार नसलेल्या मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज महिला व बालविकास विभागाकडे जातो. पालिकेच्या कर्मचाऱ्याने ‘ते आमच्याकडे नाही’ असे न म्हणता अर्ज भरून, शिक्का मारून घेऊन त्याची पोच कुटुंबाच्या हातात द्यावी. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. शहरात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. गावचे कार्ड असले तर धान्य इथल्या दुकानातून उचलता येते, हे कित्येकांना कोणी सांगितलेलेच नसते. निराधार अनुदान महिना १,५०० रुपये, बालसंगोपनाचे महिना २,२५० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कमावता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेतून एकदाच २०,००० रुपये. एकेक रक्कम लहान दिसते, पण विधवा आई आणि दोन मुले यांच्या घरात यांतल्या दोन सुरू झाल्या तरी खोलीच्या भाड्याचा मोठा भाग निघतो.

पत्त्याचा प्रश्न उरतो. रस्त्यावरच्या माणसाला पत्ता नसतो, म्हणून काही मिळत नाही आणि काही मिळत नाही म्हणून पत्ता होत नाही. निवाऱ्याचा पत्ता टपालासाठी वापरू देण्याचा लेखी निर्णय पालिकेने करावा आणि शहरातील बँका व शिधावाटप कार्यालयांना त्याची प्रत पाठवावी. सगळ्या मूळ कागदांचे स्कॅन काढून कुटुंबाच्या संमतीने कार्यालयात जपून ठेवावे, म्हणजे डबा गेला तरी कागद जाणार नाहीत.

भाडे आणि डिपॉझिट

कुटुंबांना महिन्याचे भाडे अडवत नाही, डिपॉझिट अडवते. समजा कळव्यात किंवा दिघ्यात एका खोलीचे भाडे महिना ६,००० रुपये आणि डिपॉझिट ३०,००० रुपये आहे. नवरा-बायको दोघे मिळून भाडे कसेबसे काढतील, परंतु एकरकमी ३६,००० रुपये आणि वर एजंटची दलाली त्यांच्याकडे कधीच जमणार नाही. त्यामुळे ती जिथे डिपॉझिट मागत नाहीत तिथे जातात, आणि डिपॉझिट न मागणारी इमारत बहुतेकदा उभी राहायलाच नको होती अशी असते. शिळफाट्याची लकी कंपाउंडमधील इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ७४ माणसे गेली. काम पूर्ण झालेले नसतानाच त्या इमारतीत कुटुंबे राहायला आली होती.

यासाठी पालिकेने डिपॉझिट हमी निधी उभारावा. रोख रक्कम कुटुंबाच्या हाती न देता पालिका, कुटुंब आणि घरमालक यांच्यात तिहेरी करार करावा. डिपॉझिट निधीतून घरमालकाला जावे, कुटुंबाने ते महिना ५०० ते १,००० रुपयांनी अडीच ते पाच वर्षांत बचत गटामार्फत फेडावे, आणि परत आलेला पैसा पुढच्या कुटुंबाला मिळावा. हेच पैसे फिरते राहतात, म्हणून लेखाविभागाला हे अनुदान न वाटता कर्ज वाटते आणि मंजुरी सोपी होते. जी कुटुंबे अजून घरात आहेत पण थकबाकीत आहेत, त्यांच्यासाठी याच निधीतून तीन महिन्यांपर्यंतचे थकीत भाडे एकदाच द्यावे. वरच्या उदाहरणात ते १८,००० रुपये होतात. एक कुटुंब निवाऱ्यात ठेवण्याचा खर्च, मुलांची बुडालेली शाळा आणि संघटकाचे महिने यांच्यापुढे ही रक्कम मोठी नाही.

करार नोंदवूनच व्हावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लेखी करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, पण नोंदणीचा खर्च आणि कटकट नको म्हणून तोंडी व्यवहार होतात. नोंदणी शुल्क निधीने भरावे. त्या एका कागदाने कुटुंबाला पत्ता मिळतो.

पाडकाम

बेघर करण्याचे सर्वांत वेगवान साधन पालिकेच्याच हातात असते, म्हणून इथे नियम कडक हवेत. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक केले, पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग किंवा जलाशयालगतची अनधिकृत बांधकामे त्यातून वगळली. गरीब कुटुंबे नेमकी तिथेच असतात. तरीही पालिकेला स्वतःचा अधिक चांगला नियम करण्यापासून कोणी अडवलेले नाही.

पंधरा दिवस आधी वस्तीत समाजविकासचा कर्मचारी जावा, कुटुंबांची यादी व्हावी, त्यात भाडेकरू आणि पोटभाडेकरूही यावेत. परीक्षांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात कारवाई होऊ नये. १९८५ च्या त्या निकालातही न्यायालयाने पदपथ मोकळे करणे पावसाळा सरेपर्यंत थांबवले होते. कारवाईच्या दिवशी पथकाबरोबर एक कर्मचारी फक्त कागद, औषधे, दप्तरे आणि हत्यारे यांच्यासाठी असावा. हत्यारे म्हणजे गवंड्याची थापी, शिवणयंत्र, इस्त्री, हातगाडी. या वस्तू कधीही जप्त होऊ नयेत. जप्त सामानाची पावती जागेवरच मिळावी आणि गोदामाचा पत्ता त्या पावतीवर असावा.

नवी मुंबईत आणखी एक अडचण आहे. जमीन सिडकोची, एमआयडीसीची, रेल्वेची किंवा वन विभागाची असते, प्रत्येक यंत्रणा आपला तुकडा मोकळा करते आणि कुटुंब एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत सरकत राहते. या सगळ्यांची महिन्यातून एकदा आयुक्तांकडे बैठक व्हावी आणि कोणत्याही यंत्रणेने कारवाईआधी पालिकेला यादी द्यावी असे लेखी ठरावे. धोकादायक इमारतींबाबतही हेच. सी-१ म्हणजे अतिधोकादायक वर्गातली इमारत रिकामी करताना मालकांची नोंद होते, पण भाड्याने राहणाऱ्याचे नाव कोठेच राहत नाही. एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील योजनेतली १६० चौरस फुटांची घरे ठाण्यात संक्रमण निवासासाठी वापरली गेली आहेत. अशा घरांपैकी काही भाडेकरूंसाठी कायम राखून ठेवावीत.

कमाई

रोजगारावर थोडक्यातच लिहितो, कारण कौशल्य प्रशिक्षणाचे वर्ग पालिका घेतातच. अडते ते मुलांपाशी. सकाळी सात ते नऊ नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला कडेवर मूल असले की काम मिळत नाही, किंवा मूल वाळूच्या ढिगाऱ्यावर ठेवून काम करावे लागते. नाक्याजवळ सकाळी साडेसहाला उघडणारे आणि संध्याकाळी सातपर्यंत चालणारे पाळणाघर दहा शिलाई वर्गांहून अधिक घरे सावरते. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नाका कामगाराला एकच ठेकेदार नसल्याने तो मिळत नाही. हा दाखला पालिकेच्या अधिकाऱ्याला देता येतो, तेव्हा महिन्यातून एका सकाळी अधिकाऱ्याने शिक्का घेऊन नाक्यावरच बसावे. फेरीवाल्यांसाठी २०१४ च्या कायद्यानुसार पथविक्रेता समितीची सर्वेक्षणे वेळेवर व्हावीत. सर्वेक्षणातून सुटलेल्या बाईला जागेचा परवाना मिळत नाही, आणि स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतील कर्जासाठी तिला पालिकेचे शिफारसपत्र मिळवावे लागते.

पैसा आणि पाठपुरावा

या कामाला अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष हवे. महिला-बालकल्याण आणि दिव्यांग कल्याणाच्या तरतुदींतून उसने घेतलेला पैसा वर्षअखेरीस परत मागितला जातो. पहिल्या वर्षी दोन प्रभागांपुरती रक्कम मागावी, एक गजबजलेला आणि एक मध्यम, आणि वर्षाच्या शेवटी स्थायी समितीपुढे तीन आकडे ठेवावेत: घर सुटता सुटता वाचलेली कुटुंबे किती, रस्त्यावरून घरात गेलेली किती आणि बारा महिन्यांनंतरही त्या घरात असलेली किती. वाटलेली ब्लँकेटे आणि भरवलेली शिबिरे या तक्त्यात नसावीत.

घरात गेलेल्या कुटुंबाला पहिल्या महिन्यात दोनदा, पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात भेट द्यावी. भेटीत तीनच गोष्टी पाहाव्यात: भाड्याची शेवटची पावती, मुलांची या महिन्याची हजेरी आणि रेशन दुकानातून गेल्या महिन्यात धान्य उचलले का. यातली एक जरी चुकलेली दिसली तरी पुढची भेट सहा महिन्यांनी न ठेवता पंधरवड्यात ठेवावी. निघताना संघटकाने पुढच्या भेटीची तारीख आणि आपला क्रमांक चिठ्ठीवर लिहून आईच्या हातात द्यावा, आणि त्या तारखेला जावे.